सुतकातल्या कुंड्या

बागकामानं मन शांत होतं असं सांगणाऱ्या माणसाला एकदा माझ्या गच्चीवर आणून उभं करायला हवं. आमच्या वडगावात सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांचा एक घोळका आहे. त्यातली एक तरी रोज मला ऐकवते, "तुमचं बरं हाय बाई. बाग हाय, माती हाय, मन रमतंय." मी मान डोलावते. माझं मन कशानं रमतं हे खरं सांगितलं, तर ती उद्यापासून दुसऱ्या रस्त्यानं जाईल.

माती घरात मी आणली नाही, आमच्या ह्यांनी आणली. आमच्या घरात पूर्वी कापड विणायचे माग चालायचे. त्या खडखडाटात एकमेकांशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागायचं. आमचा संसार ओरडण्यातच झाला आणि दोघांनाही तो मानवला. मग माग विकले आणि घर गप्प झालं. ह्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. कुणाच्या तरी सांगण्यावरून हे खानापूरला एका कुंभाराकडे जायला लागले आणि एक दिवस स्कूटरवर मातीचं पोतं घेऊन परत आले.

"मागावरचा माणूस आता मडकी घडवणार व्हय?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय? तू झाडं लाव की," हे म्हणाले.

चाक काही नव्हतं. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकीवर एक रचायच्या आणि बोटांनी लिंपून एकजीव करायच्या. पहिली कुंडी वाळतानाच तडकली. दुसरी खानापूरच्या भट्टीतून दोन तुकडे होऊन आली. मग हे नवीन शिकून आले, की भाजलेली फुटकी कुंडी टाकायची नाही, ती कुटायची आणि तिचा चुरा ओल्या मातीत मिसळायचा. म्हणजे नवी तडकत नाही. हे गच्चीवर बसून खलबत्त्यात ठणाठणा कुटायचे आणि मी खालून ओरडायचे. घर पुन्हा आमचं वाटायला लागलं.

कुंड्या सगळ्या वाकड्या. एक तर लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यासारखी एका अंगाला कललेली. त्यांत मी मोगरा लावला, अबोली, मिरच्या, कढीपत्ता लावला. संध्याकाळी झाडांना पाणी घालून आम्ही तिथंच बसायचो आणि ओरडायची गरज पडायची नाही. माझं सुख म्हणाल तर तेवढंच होतं आणि ते मला पुरत होतं.

मग हे गेले.

आमच्यात रीत आहे. सुतक फिटताना स्वयंपाकघरातली मातीची भांडी बाहेर टाकायची. तांबं-पितळ घासून चालतं, माती मात्र सुतक धरून ठेवते म्हणतात. बाराव्याला पाण्याचा माठ गेला, दही लावायचं गाडगं गेलं. मी आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात बसले होते. माझी थोरली नणंद निपाणीहून आली होती. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. कंबर कसून त्याच सगळं घर हलवत होत्या. तेवढ्यात शेजारच्या मोकळ्या प्लॉटातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मग आणखी एक. गच्चीवरून कुणीतरी काहीतरी खाली फेकत होतं.

"आक्का, काय चाललंय?"

"कुंड्या काढायला लावल्यात. मातीच्याच न्हवं त्या? तू बस, उठायचं न्हाय."

"कुंडीत काय भात शिजवतंय व्हय कोण?"

"माती ती माती गं. उगं मनात शंका नको."

मी उठले. चौघींनी मला धरून खाली बसवलं. दुःखानं भान नाही बाईला, असं म्हणाल्या. दुःख कसलं, मी रागानं उठले होते. पण त्या दिवशी बाईला रागही येऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी वर गेले. तुळस तेवढी जागच्या जागी होती, कारण तिचं वृंदावन सिमेंटचं. सिमेंटला म्हणे सुतक लागत नाही! बाकीची झाडं रंगाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यांत कोंबून ठेवलेली. "झाडं न्हाय हो टाकली तुझी," आक्का जाताना म्हणाल्या होत्या, वर उपकार केल्यासारखं. ह्यांच्या मरणापुढं माझं काही चाललं नव्हतं. पण ह्यांच्या हातचं जे मागं राहिलं होतं, ते घरच्याच माणसांनी फोडलं, आणि ते मी कुणालाही माफ केलेलं नाही.

मी घमेलं घेऊन प्लॉटात उतरले. शेजारीण कुंपणापाशी आली. "वहिनी, सुतकाचं टाकलेलं परत घरात नेत न्हाईत."

"मग तुमच्यात आणून टाकू?" मी म्हणाले. ती आत गेली.

सगळे तुकडे वर नेले आणि खलबत्ता काढला. कुटताना आक्कांना मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. हात भरून यायचे, डोकं मात्र हलकं व्हायचं. रोज थोडं कुटायचे, रोज थोडं बरं वाटायचं. लोक जिला मनःशांती म्हणतात ती हीच असेल, तर माझ्याकडे ती शिव्या देत आली. मग खानापूरहून माती आणली, तिच्यात तो चुरा मिसळला आणि वळ्या करायला बसले. माझ्याही कुंड्या वाकड्याच झाल्या, पण खानापूरच्या भट्टीतसुद्धा तडकली एकही नाही.

वर्षश्राद्धाला आक्का आल्या, गच्चीवर गेल्या. "तुझ्या हातच्या? लई झ्याक झाल्यात गं. ती मोगऱ्याची मला दे की."

मी इतक्या चटकन दिली की त्यांना संशयच यायला हवा होता. दिवसभर मी त्यांच्याशी गोड बोलले. संध्याकाळी बसस्टँडवर सोडायला गेले. त्या निपाणीच्या गाडीत खिडकीशी बसल्या, कुंडीची पिशवी पायाशी ठेवली. तेव्हा मी खिडकीजवळ गेले.

"आक्का, त्या कुंडीत तुमच्या भावाच्या कुंड्या कुटून घातल्यात. तुमी फेकायला लावल्या त्याच. सुतकासकट."

या एका वाक्यासाठी मी वर्षभर थांबले होते. आता आक्का ओरडतील, कुंडी खिडकीतून बाहेर फेकतील. झेलायला मी दोन्ही हात तयार ठेवले होते.

आक्का ओरडल्या नाहीत. वाकून त्यांनी पिशवी वर घेतली, कुंडी बाहेर काढली आणि मांडीवर ठेवली. मोगऱ्याची फांदी गजाला घासू नये म्हणून पदराआड घेतली.

"आधी सांगायचं न्हाय व्हय गं," त्या म्हणाल्या. "पायाशी ठेवलं की मी त्याला."

इथं माझा राग विरघळायला हवा होता. तो दुप्पट झाला. एवढी माया होती, तर त्या दिवशी कुठं ठेवली होती आक्का? मी हे मनात नाही म्हणाले, मोठ्यानं ओरडून विचारलं, मागाच्या घरातली बाई ओरडते तसं. सगळं बसस्टँड माझ्याकडे बघत होतं, पण तोवर गाडी सुटली होती.