पत्रिकेच्या जागी रक्त

“मला विचारा की. मी काय भिंत आहे?”

हे रश्मीचं सदाचं बोलणं. नायगावच्या बीडीडी चाळीत कुणी तिच्यादेखत तिच्या आईला, राधाबाईंना, विचारलं, “आता बरी असते का हो पोरगी?” की हे वाक्य यायचंच, आणि विचारणारा चहा अर्धा टाकून उठायचा. राधाबाईंना लेकीची जीभ खुपायची. पण ती जीभ गप्प झाली की घरावर कसली अवकळा येते, तेही त्या माउलीनंच पाहिलं होतं.

कॉलेजात असताना रश्मीला डिप्रेशननं धरलं. उन्हाळ्यात नदी वाळूखाली जाते, तशी ती पांघरुणाखाली गेली. परळच्या एका दवाखान्यानं, गोळ्यांनी आणि स्वतःच्या हट्टानं ती पुन्हा वर आली. आता ती मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवायची. “काकी, डोळे उघडा, गाडी तुम्हीच चालवताय!” हा तिचा आवाज हिंदमाताच्या सिग्नलला सगळ्यांच्या ओळखीचा.

स्थळ आलं उन्मेषचं. लालबागचा, पोस्टात कामाला. पहिल्याच भेटीत रश्मीनं त्याला सगळं सांगून टाकलं. आजार, रोजची गोळी, मधूनमधून होणारी पडझड. तो म्हणाला, “मला चालेल.” राधाबाईंना वाटलं, चला, लेकीच्या लग्नाचा मांडव एकदाचा दारी पडेल.

रविवारी उन्मेष आणि त्याचे वडील बोलणी पक्की करायला आले. चहा झाला. वडिलांनी रश्मीच्या थोरल्या भावाकडं, हितेंद्रकडं, पाहून मान डोलावली.

“तुम्ही पाठवलेला रिपोर्ट पाहिला. उत्तम आहे. आमचा होकार समजा.”

“कसला रिपोर्ट?” रश्मीनं विचारलं.

हितेंद्र चुळबुळला. “अगं, ते मेंदूचं प्रोटीन असतं ना. मेंदूच्या पेशी वाढवणारं. रक्तात मोजतात. तुझं नॉर्मल आलंय. म्हणजे आता काही नाही तुला.”

“थायरॉइडचं म्हणून मला लॅबमध्ये नेलंस, ते हे?”

“तुझ्या भल्यासाठीच ना!”

“आपल्यात पत्रिका बघत नाहीत, बाळा,” उन्मेषचे वडील समजुतीनं म्हणाले. “आपण सायन्स मानतो. म्हणून म्हटलं, काहीतरी पुरावा असावा.”

रश्मी ओरडली नाही. त्यामुळं राधाबाई जास्तच घाबरल्या.

“काका, या प्रोटीनसाठी मी आधी रक्त दिलंय. दवाखान्यात, संशोधनाला, माझ्या खुशीनं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आजारात हे कमी होतं का, ते आम्ही पुष्कळ माणसांत बघतोय. पण एका माणसाचा आकडा बघून तो बरा की आजारी, हे अजून कुणालाच सांगता येत नाही.”

“पण चांगलं आलंय ना? मग भांडतेस कशाला?” हितेंद्र वैतागला.

“चांगलं आलंय म्हणूनच!” आता मात्र तिचा आवाज खोलीबाहेर गेला. “मला लॅबमध्ये नेलंस तो आठवडा आठव, दादा. मला झोप नव्हती. आंघोळीला उठवायला आई लागत होती. स्कूलच्या मालकिणीला सांगून मी गाडीला हात लावला नाही, कारण माझ्या भरवशावर बाया स्टेअरिंग धरतात. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आणि त्याच आठवड्यातलं माझं रक्त म्हणतंय, सगळं झकास!”

उन्मेषच्या वडिलांनी राधाबाईंकडं पाहिलं. ‘नाही हो, जरा अशक्तपणा होता,’ हे वाक्य राधाबाईंच्या ओठावर तयारच होतं. इतकी वर्षं त्यांनी तेच चालवलं होतं. आज एवढं बोललं असतं तर सोयरीक टिकली असती.

“खरं आहे ते,” त्या म्हणाल्या. “मीच उठवत होते तिला.”

“म्हणजे अजून होतं हे?” उन्मेषच्या वडिलांनी विचारलं.

“होतं. पुढंही होईल,” रश्मी म्हणाली. “काय रे उन्मेष, सांगितलं होतं ना तुला?”

उन्मेष कपाच्या तळाशी बघत राहिला. “हो.”

“मग बाबांनी रिपोर्ट मागितला तेव्हा तोंडात काय बोळा होता?”

उन्मेषनं कप खाली ठेवला. वडील उठले. “विचार करून कळवतो.”

“नका कळवू! पत्रिका टाकली म्हणून छाती काढून चालता, आणि तिच्या जागी माझं रक्त मांडता? मंगळ तरी आभाळात होता, काका. त्याला काढायला सुई टोचावी लागत नव्हती.” मग ती भावाकडं वळली. “आणि तू. माझ्या अंगातलं काढून, मला न विचारता लोकांपुढं ठेवलंस. तुझ्याशी मी बोलेन, पण आज नाही. आज हात उगारला जाईल.”

तिनं पर्स उचलली, चपला पायात सरकवल्या आणि ती जिना उतरली.

राधाबाई खिडकीशी गेल्या. मागून उन्मेष आला. “मावशी, थांबवा ना तिला.”

“का? तुझे पाय भाड्यानं दिलेत?”

तो हलला नाही. खाली पोरांचं क्रिकेट चाललं होतं. रश्मी सरळ पिचवरून गेली, आणि बोलरनं निमूट चेंडू हातातच धरला. पॅसेजमधून वडील हाका मारत होते, “उन्मेष, चल!” तो खिडकीचा कठडा धरून उभाच. रश्मी गेटाबाहेर पडली, दादरच्या बाजूला वळली. राधाबाई बघत राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी तोही.