सर्व्हरनं नाकारलेल्या सदतीस पोरी

तारामतीबाईंच्या नादी लागू नये, हे विद्यानगरच्या त्या आरोग्य संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. पुण्याहून नव्यानं आलेल्या अमेयला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

साल २००४. बाळांच्या कार्डांवरून बाई कॉम्प्युटरवर नोंदी करायच्या, फाईल सर्व्हरवर चढवायच्या. सर्व्हर नोंदी तपासायचा, आणि पास झालेल्या नोंदींवरूनच लसीची यादी निघायची. माऊस हातात आला तेव्हा बाईंची चाळिशी उलटलेली. पण नर्सचं किडमिडं अक्षर त्यांच्याइतकं कुणाला लागत नसे.

त्या शुक्रवारी अंबरपेठच्या सदतीस नोंदी परत आल्या. सगळ्या मुली. बाळाचं नाव: पापा.

"मावशी, बाळाच्या नावाच्या जागी पप्पा काय टाकलंत?" अमेय हसला. "असलं नाव आलं की नोंद बाद, असा नियमच घातलाय मी."

"आणि बाबू?"

"बाबू असतं की नाव."

बाईंचं डोकंच फिरलं. "अरे माझ्या राजा, इथं तेलुगू चालते, तीत बाबू म्हणजे तान्हा मुलगा अन् पापा म्हणजे तान्ही मुलगी! बारशाच्या आधी कार्ड बनतं, तेव्हा हेच लिहितात. तुझ्या मशीननं पोरं ठेवली अन् पोरी तेवढ्या हाकलल्या!"

अमेयचा चेहरा उतरला. नियम बदलायला मुंबईच्या मुख्य कचेरीची मंजुरी, म्हणजे आठ दिवस. गोवरच्या लसीची यादी सोमवारी छापायची, आणि यादीत नाव नाही त्या बाळाला लस नाही.

"काहीतरी नावं टाकून देऊ," तो पुटपुटला.

"काहीतरी? कार्डाशी नाव जुळलं नाही तर आईला दारातनं परत पाठवतील. हौ, जा तू घरी. मी बघते."

शनिवार-रविवार त्यांनी अंबरपेठच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. पापाचं नाव काय ठेवलं, एवढंच विचारायचं आणि आईकडच्या कार्डावर तिथल्या तिथं लिहायचं. गुडघे बोलत होते, पण धन्य ती बाई! रविवारी दिवेलागणीपर्यंत छत्तीस नावं झाली.

सदतिसाव्या घरी सत्यवतीनं मान खाली घातली. ही चौथी मुलगी. नऊ महिने झाले तरी बारसंच केलं नव्हतं.

"पापाच राहू द्या ना, बाई."

तारामतीबाई सरळ उंबऱ्याशी बसल्या. "तुझ्या मनात काहीतरी असेलच की गं."

सत्यवतीनं आत सासूकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "प्रणिता."

सोमवारी सदतीसच्या सदतीस नोंदी पास झाल्या. यादी अमेयनं स्वतः छापली, आणि पापाचा नियम उडवायला मुंबईला पत्रही धाडलं.

बुधवारी लसीच्या खोलीतून नर्सनं हाक मारली, "प्रणिता!"

कुणीच उठलं नाही.

"अहो, प्रणिता कोण?"

बाकावरची सत्यवतीही इकडंतिकडं बघत होती. मग तिची नजर मांडीवरच्या लेकीवर गेली, आणि ती धडपडत उठली.