जपानी पोलिसांचे मुर्रीतले पंच

मी आज गोंदियात मान वर करून हिंडतो तो आमच्या घरमालक हवालदारकाकांमुळं आणि काकूंमुळं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला गोष्ट रचून सांगता येत नाही, आणि सांगण्याच्या भरात ज्यांचे उपकार त्यांचंच नाव मागं राहील अशी धास्ती वाटते. दुसरं सांगायचं ते असं, की जपानच्या पोलिसांवर घरबसल्या देखरेख ठेवणारा निवृत्त हवालदार उभ्या भारतात एकच असणार, आणि तो गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत राहतो. जपानला याची कल्पना नाही.

माझं गाव राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जतकडं. आठवीत नापास झालो, शाळा सुटली, बोअरच्या गाडीवर कामाला लागलो. ती गाडी फिरत फिरत या टोकाला आली तेव्हा मी तापानं पडलो आणि मागं राहिलो, तो राहिलोच. आता एका दुकानात पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना तांब्याची नवी तार भरतो. काका पोलिसात होते हे मला खोली बघायला गेल्यावर कळलं. पोलिसाचं नाव निघालं की मला काही न करताच केल्यासारखं वाटतं. त्यात काकूंनी चहा आणून ठेवला, तो असा की कपाला बोट लावता येईना. काका समोर बसून माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. मी घाबरून तो तसाच, फुंकर न मारता, पिऊन टाकला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, पण हूं की चूं केलं नाही. काका काकूंकडं वळून गंभीर आवाजात म्हणाले, "खोली देऊ याले. पन लक्ष ठेवा लागन. फुंकला नाही."

त्याचा अर्थ एका सिनेमात होता. काकांचा नातू शिकायला बाहेरगावी गेला तेव्हा टीव्हीच्या मागं एक पेन ड्राइव्ह तसाच राहिला. त्यात एकच सिनेमा, जपानी, चित्रांचा. कार्टूनच म्हणायचं, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. एका मोठ्या शहरात हुबेहूब माणसासारखी दिसणारी यंत्रं माणसांत मिसळून राहतात, आणि कोण माणूस, कोण यंत्र हे पोलिसांनी ओळखायचं. एक पोलीसबाई आहे, तिचा एक साथीदार शिपाई आहे, आणि शेवटी तो शिपाईच यंत्र निघतो. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळतात, आणि आमच्या घरात दोन्ही कुणाला येत नाही. काकांचं म्हणणं, "हा पिच्चर नाही होय गा. हे पोलिसाचं ट्रेनिंग होय. तिकडं सुरू झालं, आज ना उद्या इकडं येनार." त्यातलं एक यंत्र उकळता चहा न फुंकता पितं, तिथंच काकांनी खूणगाठ बांधली. तेव्हापासून त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला पहिला चहा उकळता मिळतो. दूधवाला फुंकला, तो सुटला. मीटर बघायला येणारा मुलगा चहाच नको म्हणाला, तो अजून संशयितांत आहे. एकदा फोनवर कुठल्याशा जाहिरातीचा भरून ठेवलेला बाईचा आवाज आला, तर काकांनी तिला आधी बापाचं नाव विचारलं. ती आपली एक दबाइए, दो दबाइए म्हणत राहिली. फोन ठेवून काका म्हणाले, "काही कबूल करून नाही राहिली. पक्की तयार केली हाये."

पण सिनेमा लावायची त्यांची रीत सगळ्यांत निराळी. रविवारी दुपारी जेवणं झाली की ते इस्त्रीचा शर्ट घालतात, आणि दोन पंच येऊन बसल्याशिवाय टीव्ही सुरू करत नाहीत. नोकरीभर पंचनामे केलेले. छापा असो, जप्ती असो, दोन त्रयस्थ माणसांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. आणि त्या सिनेमात तर यंत्राचा तुटका हात जप्त करतात तोच मुळी पंचांशिवाय, लाखेचं सील न लावता. "अशी केस कोर्टात टिकते का? तिकडं पंच नाहीत, तर आपन द्या लागते." असे आम्ही जपानला पंच पुरवतो. एक मी, दुसरे शेजारचे शिंपीभाऊ. पडद्यावर मोठा साहेब आत आला की काका खुर्चीतून अर्धे उठतात, मग आम्हीही उठतो.

मी एकदा म्हणालो, "काका, पंच प्रतिष्ठित लागतो ना? मी आठवी नापास, परगावचा, भाड्यानं राहणारा." टीव्हीच्या वरच भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. तिकडं बघत ते म्हणाले, "माह्या आज्याले उभ्या जन्मात कोनी पंच म्हनून बोलावलं नाही. आरोपी म्हनून बोलावलं. मी पोलिसात गेलो तवाच ठरवलं, ज्याले कोनी इचारत नाही त्याले खुर्ची देईन. बस तू." निळी प्लॅस्टिकची खुर्ची आहे, एक पाय जरा वाकडा. मी तिच्यावर बसतो तेव्हा पाठ आपोआप ताठ होते.

शेवटी त्या साथीदार शिपायाचा हात तुटतो आणि आतून तांब्याच्या तारा लोंबतात. पोलीसबाई टोपी काढते. तो एक वाक्य बोलतो आणि विझतो. ते वाक्य काय, आम्हाला माहीत नाही. नातवाला फोनवर विचारता आलं असतं, पण ऐकीव पुरावा चालत नाही असं काकांचं मत. ते दर रविवारी स्वतःच त्याचा जबाब लावत. कधी "डुटी संपली का म्हनून इचारून राहिला," कधी "घरी सांगा म्हनते." मी रोज जळालेल्या मोटारी उघडतो त्यामुळं असेल, पण तिथं माझ्या डोळ्यांचं काही खरं नसतं. खिडक्या लावलेल्या असतात, कुणाला दिसत नाही, असं मी समजत होतो. काका आणि शिंपीभाऊ पडद्यात गुंग. काकू तर बघतच नसत. स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसून त्या म्हणत, "आग लागो त्या बाहुल्यायले."

मागच्या उन्हाळ्यात, एका रविवारी, गावाबाहेरच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. दुपारी जेवणाच्या वेळी होती, दिवस कलला तेव्हा नव्हती. मोटार म्हणजे तांबं, तांबं म्हणजे तार, आणि तार म्हणजे तो परगावचा पोरगा, असं लोकांनी एका दमात जुळवलं. सोमवारी सकाळी दुकानावर पोलीस आले. मालकानं मान फिरवली. ठाण्यात मला बाकावर बसवून "काल दुपारी कुठं होतास?" म्हणून विचारलं. काय सांगू? जपानी पोलिसांचा पंच होतो म्हणून सांगू? इथं नाव गेलं की काम गेलं, खोली गेली, आणि गावी कोणत्या तोंडानं जायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात काका आले. इस्त्रीचा शर्ट, रविवारचा. ठाण्याचे साहेब त्यांच्या हाताखाली शिकलेले, ते उठून उभे राहिले. काका म्हणाले, "साहेब, हा माह्या घरी टीव्हीसमोर होता. जेवनापासून दिवस कलेपर्यंत. मी पाहिला."

"काका, आपका शब्द सर आँखों पर," साहेब म्हणाले. "पण पिच्चर बघत होता, हे कागदावर कसं घेऊ? दुसरं कोण होतं?"

शिंपीभाऊ त्या रविवारी सडक अर्जुनीला लग्नाला गेले होते. काकांनी नुसतं त्यांचं नाव घेतलं असतं तरी शिंपीभाऊ नाही म्हणाले नसते. माझा जीव त्या नावावर टांगला होता. पण काकांनी मान खाली घातली. "दुसरा पंच नव्हता. एकावरच लावला मी. चुकलो."

"तुम्हीच शिकवलं आम्हाला, दोन पाहिजेत," साहेब हळूच म्हणाले. त्यांना ते म्हणताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. काकांसाठी चहा आला. तो त्यांनी माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "फुंक." मी फुंकलो, इतक्या जोरात की अर्धा बशीत सांडला. "पाहा," काका साहेबांना म्हणाले. साहेबांना काही उमगलं नाही.

"दुसरी मी होती." दारातून आवाज आला. काकू चालत आल्या होत्या, पदर डोक्यावर, घामाघूम.

"काकू, तुम्ही बघता तो पिच्चर?"

"तांदूर निवडाचे असते मले. डोरे काही बांधून नाही ठेवले." आणि उभ्या उभ्याच त्यांनी सिनेमा सांगायला घेतला. ती पोलीसबाई जिना कसा चढते, यंत्र चहा कोणत्या हातानं घेतं, साहेब आला की तुमचे हे काका कसे अर्धे उठतात. लिहिणारा शिपाई लिहायचा थांबला. "मंग हात तुटते," काकू म्हणाल्या, "तवा हा पोरगा खुर्चीतून पुढं वाकते न बाहीनं डोरे पुसते. दर ऐतवारी पुसते. कालबी पुसले. मशीनसाठी रडते हा. लोकायची मशीन उपटून नेईन का?"

मी फरशीकडं बघत राहिलो. काका मात्र काकूंकडं बघत होते. "तू पाहत होती?"

"तुमी टीव्ही पाहता," काकू म्हणाल्या. "घरात कोन काय करून राहिलं थे कोनी पाहाचं?"

साहेबांनी मला सोडलं. दोन-तीन दिवसांनी मोटारही सापडली. विहीरवाल्याच्या मेव्हण्यानंच ती न सांगता दुसऱ्या गावी दुरुस्तीला टाकली होती. माफी कुणी मागितली नाही. मालकानं चहा पाजला, तो मी सावकाश फुंकून प्यालो.

काकांना आता नीट दिसत नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण फरक पडला नाही. खुर्ची सरकत सरकत टीव्हीच्या तोंडाशी आली आहे. "पंच, सांग, काय दिसून राहिलं?" मी सांगतो, माझं सुटलेलं काकू सांगतात. त्यांना आता स्वतःची खुर्ची आहे, सूप मात्र मांडीवर असतंच. शेवटचं वाक्य आलं की काका आता नवा जबाब लावत नाहीत. "काय म्हनते, कोन जाने," एवढंच म्हणतात.

मी इंग्रजी शिकायला घेतलं आहे. मोटारींच्या पाट्यांवरची अक्षरं आधीपासून ओळखत होतो, आता ती एकमेकांना जोडतो. चालू पंचनामा थांबवायचा नसतो म्हणून काका रिमोटला हात लावू देत नाहीत, त्यामुळं ती ओळ अजून माझ्या हातून निसटते. दर रविवारी एखादा शब्द पकडतो, बाकीचे जातात. पण काका, काकू, तुमचं हे देणं मी फेडणार. एक दिवस त्या निळ्या खुर्चीवर बसून ती ओळ तुम्हाला सबंध वाचून दाखवीन. त्यात काय निघेल ठाऊक नाही. जे असेल तेच सांगीन, पदरचं एक अक्षर घालणार नाही. त्या दिवशी ठाण्यात माझ्यासाठीसुद्धा तुम्ही घातलं नव्हतं.