चालत आलंय, हे कारण नाही

काकूंनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. हसत.

"तू बस गं बाहेर. दमली असशील," म्हणाल्या.

मी दमले नव्हते. काही पुरणपोळ्या भाजून झाल्या होत्या, एक पोळपाटावर होती. काकूंनी जरा वेळापूर्वी सहज विचारलं होतं, नागपूरला कुठे घर तुमचं? मी म्हटलं, इंदोरा. संपलं. इंदोरा ही दलितांची वस्ती, ते नाव नागपुरात आडनावाचं काम करतं. काकूंचं माहेरही नागपूरचं, धंतोलीतलं. त्यांना पुढचं काही विचारावं लागलं नाही.

मी दारापर्यंत पोचले आणि मागे सिंकमधलं डिस्पोजल सुरू झालं. अमेरिकेतल्या घरांत असतं ते, खरकटं दळून टाकणारं यंत्र. वळून पाहिलं तर त्यात माझ्या पोळ्या चालल्या होत्या. काकू त्या दुमडून दुमडून आत ढकलत होत्या. माझी रूममेट मेघना शेजारीच लाटत होती. तिच्या पोळ्या ताटात तशाच राहिल्या. मेघनाचं आडनाव चालणारं होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पोळपाटाकडे पाहिलं. लाटत राहिली.

साल २००६. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतलं काकूंचं नवं घर, त्याची वास्तुशांत. तीन गाड्यांचं गराज, दारात चपलांचा ढीग. चपला बाहेर काढायच्या आणि जात आत न्यायची, अशी ही माणसं. मी बॉस्टनला एलएलएम करायला आले तेव्हा काकूंच्या यजमानांनीच, काकांनी, मला एअरपोर्टवरून आणलं होतं. वाटेत गरम सूप पाजलं होतं. ते एका कंप्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आमच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये तुझ्या नोकरीसाठी शब्द टाकतो, असं स्वतःहून म्हणाले होते. तोवर त्यांनी मला फक्त नागपूरची हुशार मुलगी म्हणून ओळखलं होतं. मी त्यांना मनापासून काका म्हणत होते.

बाहेर हॉलमध्ये काकांचं व्याख्यान रंगलं होतं. इथे कसं सगळं कायद्याने चालतं. सिग्नल लाल म्हणजे प्रेसिडेंटलाही लाल. आपल्याकडे मेरिटची माती केली, जिथे तिथे जात. इथे कुणी कुणाची जात विचारत नाही. ऐकणारे सोफ्यावर बसून माना हलवत होते. आत यंत्र अजून घरघरत होतं. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

मला पाहून काका खूश झाले. "ये, ये. ही आमची वकीलबाई. सांग गं यांना, हे रूल ऑफ लॉ वगैरे सगळं इंग्लिश लॉमधूनच आलंय ना?"

मी उभी होते. बाबा आठवले. ते नागपूरच्या कोर्टात बेलिफ. समन्स घेऊन दारोदार जायचे. एका बंगल्यातल्या बाईंनी त्यांना पायरीखाली उभं करून कागद जमिनीवर ठेवायला लावला, ते मी लहानपणी त्यांच्यासोबत असताना पाहिलं होतं. बाबांनी वाकून कागद ठेवला. तो वाकलेला माणूस मला त्या गुबगुबीत कार्पेटवर उभी असताना दिसला. आणि माझ्या लक्षात आलं, मीही आत्ता तेच करणार आहे. हसून काहीतरी गोड बोलणार आहे आणि कोपऱ्यात जाऊन बसणार आहे.

नाही बसले.

म्हटलं, सांगते. इंग्लिश कायदा दोन ठिकाणांहून येतो. एक, पार्लमेंट करतं तो. दुसरा, न्यायाधीशांच्या जुन्या निकालांतून. वरच्या कोर्टाने एकदा निकाल दिला की खालच्याला तो पाळावा लागतो. पण त्यातली प्रत्येक ओळ पाळावी लागत नाही. निकाल ज्या कारणावर उभा असतो, ते कारण बांधून घालतं. बाकी सगळी बडबड.

"वा," काका म्हणाले. "किती सोपं करून सांगितलं."

"आत्ता आत एक निकाल लागला," मी म्हटलं. "काकूंनी माझ्या पोळ्या डिस्पोजलमध्ये टाकल्या. मेघनाच्या ठेवल्या. मला कारण हवंय."

काकू दारात आल्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "अगं, नैवेद्याचं होतं ते. सोवळ्यातलं."

"मेघना आणि मी एकाच घरातून आंघोळ करून एकाच गाडीतून आलो. मग फरक कुठला?"

त्या काकांकडे बघायला लागल्या. काका म्हणाले, "हे बघ, यात पर्सनल काही नाही. आमच्या घरात हे पूर्वीपासून चालत आलंय."

"चालत आलंय, हे कारण नाही, काका. कारण तुम्हाला माहीत आहे. तोंडाने बोला."

नाही बोलले. सोफ्यावर इंजिनियर, डॉक्टर, पीएचडी मंडळी बसली होती. एकाने टीव्हीचा रिमोट उचलला. सिग्नल लाल असला की थांबणारी ही माणसं. पोलीस बघत असतो म्हणून थांबतात.

मी चपला शोधल्या आणि बाहेर पडले. मेघनाला यावंच लागलं, गाडी तिची होती. हायवेला लागल्यावर म्हणाली, "यार, थोडं समजून घ्यायचं ना. ओल्ड स्कूल लोक आहेत. सगळ्यांसमोर कशाला?"

मी म्हटलं, "त्यांनी कुणाच्या मागे केलं?"

सेमिस्टर संपल्यावर मी खोली बदलली.

काकांनी शब्द टाकला नाही. माझे फोनही उचलले नाहीत. मी माझ्या प्रोफेसरांकडे गेले. गोरे, म्हातारे, सज्जन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, कुणाच्या खासगी स्वयंपाकघरात कायदा जात नाही. मी विचारलं, आणि नोकरीत? तिथे कायदा आहे, म्हणाले. वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून डावलता येत नाही. मी म्हटलं, जात? त्यांनी खरंच न कळून विचारलं, पण तुम्ही सगळे भारतीयच ना?

या देशाच्या कायद्यात त्या गोष्टीला शब्दच नव्हता. श्रूजबरीतल्या त्या हॉलला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो इतका निर्धास्त होता.

मी कंपनी कायद्यावर प्रबंध लिहिणार होते. विषय बदलला. प्रोफेसर काळजीने म्हणाले, यावर तुला आधाराला एकही जुना निकाल सापडणार नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे. जुना निकालही कधीतरी पहिला असतो. कुणीतरी जाऊन उभं राहतं, नाव सांगतं, वस्ती सांगतं, काय केलं ते सांगतं आणि समोरच्याकडून शपथेवर कारण मागतं.

मी मागणार आहे. हॉलमध्ये नाही. कोर्टात.