चारित्र्याचा दाखला

आमच्या गावची सकाळची एसटी बंद झाली तेव्हा मी शहापूरला आयटीआय करत होतो. गाव टोकावड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. त्या एसटीने मुरबाड गाठायचं आणि तिथून दुसरी गाडी धरायची, असा माझा रोजचा प्रवास. डेपोत दोन अर्ज दिले, कुणी विचारलं नाही. मग शेजारच्या गावच्या एका तरुण पुढाऱ्याने रास्ता रोको ठरवला. त्याला सगळे दादा म्हणायचे.

"घरटी एक माणूस पायजे," असं त्याने सांगितलं. वडील तापाने पडले होते म्हणून मी गेलो. आईही आली आणि बायकांमध्ये बसली. माळशेजच्या वाटेवरचे ट्रक लांबपर्यंत अडकले. पोलीस आले, बायकांना घरी धाडलं आणि पुरुषांची नावं लिहून घेतली. पहिलं नाव दादाने स्वतःचं सांगितलं, छाती पुढे काढून.

थोड्या दिवसांत एसटी चालू झाली. दादाला हार घातला. आम्ही कोर्टाच्या एकदोन तारखांना गेलो, नंतर बोलावणं आलं नाही. वकील म्हणाला, असल्या केसेस आपोआप सुटतात. मी ते धरून चाललो.

पुढची काही वर्षं मुरबाडच्या एमआयडीसीत लहानसहान कारखान्यांत काढली. आज इथे, उद्या तिथे. दोन हजार सालानंतर एक मोठी, बाहेरच्या देशातल्या मालकांची कंपनी उभी राहिली आणि तिने कायम फिटर घ्यायचे ठरवले. मी लेखी परीक्षा दिली, मशीनवर काम करून दाखवलं, डॉक्टरांनी तपासलं. त्यात सगळीकडे पास झालो. मग कंपनीने चौकशीसाठी नेमलेल्या ठाण्याच्या एका एजन्सीचा माणूस मोटारसायकलवर गावात आला. त्याने घराचा फोटो काढला, शेजाऱ्यांना विचारलं, मी दारू पितो का, भांडतो का. आईने त्याला चहा दिला. तिला वाटलं, सोयरीक जुळवायला येतात तसंच हे.

राहिला होता पोलिसांचा दाखला. आमच्या पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने रजिस्टर चाळलं आणि मान वर केली.

"तुझ्यावर गुन्हा आहे. बेकायदा जमाव, रस्ता अडवणे. केस चालू आहे."

"साहेब, ते एसटीसाठी होतं."

"कशासाठी ते इथे लिहीत नाहीत," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. मला बसायला खुर्ची दिली होती त्याने.

कंपनीत भरतीचं बघणाऱ्या बाईही चांगलं बोलल्या. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, पण कंपनीचं धोरण आहे, सगळ्यांना सारखं. मी त्यांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पाणी मागवलं. नोकरी गेली होती.

मी दादाकडे गेलो. एमआयडीसीच्या नाक्यावर त्याचं ऑफिस होतं, बाहेर जीप. तो आता कंपन्यांना कामगार पुरवायचा, याच कंपनीलासुद्धा. केस दोघांवरही होती, पण त्याच्या चारित्र्याची चौकशी करायला कुणी मोटारसायकलवर आलं नव्हतं. ठेकेदाराचा फक्त लायसन नंबर लागतो.

"दादा, तुमी एक शब्द टाका. तुमालाच सगळं ठाऊक हाय."

"नियम हाय रे तो. मी काय बोलणार?" तो फोनकडे बघत म्हणाला. मग फोन बाजूला ठेवून, "सोमवारपासून माझ्याकडे ये. ठेक्यात लावतो तुला तिथंच."

मी सोमवारी गेलो. दुसरं काय करणार होतो? परीक्षेत ज्या मशीनवर काम करून दाखवलं होतं, त्याच मशीनवर मला उभं केलं. फाटकावर कुणी दाखला मागितला नाही. कायम माणूस निष्कलंक लागतो, ठेक्याचा कसाही चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. कायमवाल्यांची टोपी निळी, आमची पिवळी. जेवायला आम्ही त्यांच्यानंतर. माझ्या हजेरीतला वाटा दादाला जायचा, आणि वाटेत दिसला की तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. तो हात मला कधी झटकता आला नाही.

पुढे केस निकालात निघाली. साक्षीला कुणी आलंच नाही, सगळे निर्दोष सुटलो. मी निकालाची नक्कल घेऊन त्या बाईंकडे गेलो. त्यांनी वाचली, अभिनंदन केलं आणि सांगितलं की कायम भरतीसाठी माझं वय आता उलटून गेलंय. मी पिवळी टोपी घालून पाळीवर परत गेलो.

एका उन्हाळ्यात गावातली पोरं पाण्याच्या मोर्चासाठी घरोघर फिरत होती. आमच्या दारात आली तेव्हा मी आत जेवत होतो. आई बाहेर गेली.

"तो नाय येणार," ती म्हणाली. "आणि तुमीबी नोकरीचं बघा आधी. नावं लिहून घेतात."

पोरं हसली आणि पुढच्या घरी गेली. आई आत आली आणि माझ्या ताटात भात वाढला. ती माझ्याकडे बघत नव्हती. मीही मान खाली घालून जेवत राहिलो.