जावयानं हाकलेला रथ

लोकांच्या चुका लहान असतात, त्या घरातल्या घरात झाकता येतात. माझी चूक दोन मजली उंच होती, तिला चार लाकडी चाकं होती आणि तिच्या आगेमागे सगळं गाव चाललं होतं. ती कुठं झाकणार? म्हणून मीच सांगून टाकतो. चहा येईपर्यंत ऐका.

मी तेव्हा लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. क्लासेसचे दिवस नुकतेच भरात आले होते. ज्या गल्लीत पूर्वी पिठाची गिरणी होती तिथंही आता कुणीतरी सर बसलेले. आमच्या हॉलमध्ये पोरं इतकी, की मागच्या बाकावरून मी ठिपक्याएवढा दिसायचो. त्यामुळं दिवसभर माइकवर बोलायचो. पुढं पुढं घरी भाजीत मीठ मागतानाही माझी मूठ आपोआप तोंडापाशी यायची.

माझी सासुरवाडी किल्लारीच्या बाजूला. भूकंपात जुनं गाव गेलं आणि माळावर सरकारनं नवं गाव बसवलं. महादेवाचा रथ शिवारातल्या पत्र्याच्या शेडात होता, म्हणून तो वाचला. पण ओढणाऱ्यांच्या घरोघरची माणसं गेलेली. कैक वर्षं त्या रथाला कुणी हात लावला नाही.

त्यात नव्या गावात घरांच्या वाटपावरून भांडण झालं. वरची वस्ती आणि खालची वस्ती, असे दोन तट पडले. वरच्या वस्तीचे पुढारी म्हणजे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणतो. खालच्या वस्तीचे पुढारी तात्या. दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले. आता समोरासमोर आले की एकजण बाजूच्या रस्त्याला वळायचा. आणि सरकारी आखणीच्या गावात वळायला रस्ते भरपूर.

शेवटी एका वर्षी रथ काढायचं ठरलं. मग बैठकांवर बैठका. खालची वस्ती म्हणाली, रथ आमच्या दारात आला पाहिजे. वरची म्हणाली, न्हाई. अखेर तोडगा निघाला : रथ देवळापासून शाळेपर्यंत न्यायचा आणि तिथूनच परत फिरवायचा. म्हणजे कुणाच्याच दारात जायला नको. मामांनी भर बैठकीत सांगितलं, "शाळेच्या पुढं चाक गेलं, तर मला इचारा."

तर त्या सोहळ्याला मी गेलो. जावई म्हणून गेलो होतो, दोन घास गोड खाऊन परतायचं, एवढाच माझा विचार. पण सकाळी कळलं, की रथावर उभं राहून ललकारी देणाऱ्या गुरवाचा घसा पार बसलाय.

मामांनी माझ्याकडं बघितलं. "आमचे जावईबापू हाईत की. लातुरात शेकड्यानं पोरं ऐकत्यात ह्यांचा आवाज."

"मामा, मी रथाचं काही केलेलं नाही."

"करायचं काय त्यात? तुमी 'हर हर' म्हणायचं, लोक 'महादेव' म्हणून ओढत्यात. थांबायचं आसलं की 'थांबा' म्हणायचं. तुमच्या क्लासपरीस सोपं हाय."

आता खरं सांगा, सासऱ्यानं चारचौघांत असं म्हटल्यावर कोणता जावई नाही म्हणेल? शिडी लावून मी चढलो.

चढल्यावर कळलं, रथ खालून दिसतो आणि वरून दिसतो, यात फार फरक आहे. खालून तो देवाचा वाटतो. वरून तो आपल्याला खाली टाकायला निघालाय असं वाटतं. एका हातानं खांब धरला, दुसऱ्या हातात माइक. कर्णे चारी दिशांना. ओढणारी तरणी मंडळी दोन लांबलचक दोरांना लागलेली. त्यांना मी दिसत नव्हतो, नुसता ऐकू येत होतो. चाकांपाशी दोघंजण लाकडी पाचर घेऊन होते. मी 'थांबा' म्हटलं, की ते पाचर चाकाखाली सरकवणार.

शाळेपर्यंत सगळं झकास झालं. मी 'हर हर' म्हणायचो, गाव 'महादेव' म्हणायचं, रथ डुलत पुढं जायचा. मी शाळेपाशी 'थांबा' म्हटलं. रथ थांबला. पाचर बसली. मला वाटलं, न्यूटननंतर मीच.

मामा मागं आरतीचं बघत होते. तेवढ्यात खालच्या वस्तीचा एक गृहस्थ रथाजवळ आला. देवाला हात जोडले आणि तसेच जोडलेले हात माझ्याकडं वळवून म्हणाला, "सर, पोरगी यंदा बारावीला हाय. तुमच्या क्लासला धाडू का?"

मी तोंडभरून हसलो. गिऱ्हाईक रथाखाली उभं असताना मास्तर गप्प बसतो का? म्हणालो, "येऊ द्या की. येऊ द्या, येऊ द्या."

हातात माइक होता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

चारी कर्ण्यांतून गावाला ऐकू गेलं : येऊ द्या, येऊ द्या. पाचरवाल्यांनी पाचर काढली. दोरांवरच्या पोरांनी जोर लावला. शाळेपुढं रस्ता सरळ खालच्या वस्तीकडं उतरतो. रथ निघाला.

मला 'थांबा' म्हणायचं होतं. पण रथाला असा हिसका बसला, की तोंडातून निघालं, "महादेवा!"

गावाला वाटलं, सरांनी ललकारी दिली. पोरं "महादेव" म्हणून आणखी जोरात ओढायला लागली. रथ पळाला तसा मी घाबरलो. घाबरलो तसा देवाला हाक मारली. हाक ऐकून पोरांना आणखी चेव आला. मागून मामा दोन्ही हात हलवत धावत येताना दिसले. मला वाटलं, ते मला धीर देतायत.

जुन्या गावात असं झालं नसतं. तिथल्या बोळांत रथ चार पावलांवर कुणाच्या तरी ओट्याला घासून थांबायचा. इथं रस्ता रुंद, सरळ आणि उताराचा. दोर ढिले पडायला लागले तसे ओढणारे घाबरून बाजूला झाले, आणि पाचरवाल्यांनी माझी वाट न बघता पाचरी टाकल्या. रथ कुरकुरत थांबला. बरोबर तात्यांच्या दारात.

तात्या उंबऱ्यावर उभे. मला वाटलं, आता मारामारी होणार आणि पळायलाही मी सगळ्यात उंचावर.

तात्या पुढं आले, चाकावर डोकं टेकलं आणि तसेच राहिले. आतून बाया घागरी घेऊन आल्या, चाकांवर पाणी घालायला लागल्या. त्यातली एक म्हातारी रडत होती. तेवढ्यात मामा धापा टाकत पोचले. तात्यांनी त्यांचा हात धरला. "दोस्ता, तू सोता न्हाई आलास, पर जावयाच्या हातून देव धाडलास."

मामांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी आजही विसरलेलो नाही. मग तात्यांकडं वळून म्हणाले, "हाव. म्हणलं, किती दिस आसं चालायचं."

दोघं गळ्यात पडले. खाली लोकांचे डोळे ओले. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण कुणीतरी म्हणालं, सरांनी दोन शब्द बोलावेत, आणि माइक तर हातातच होता.

मी म्हणालो, "मंडळी, मी शाळेपाशीच ठरवलं होतं. कुणीतरी पुढाकार घ्यायलाच हवा होता. मी फक्त निमित्त झालो." आणखीही बरंच बोललो. सवयच ती.

टाळ्या पडल्या. तात्या वर बघून अगदी आदरानं म्हणाले, "सर, भाषण लई ग्वाड झालं. एक इचारू का? राग धरू नका."

"विचारा की."

"शाळेपाशीच ठरीवलं व्हतं म्हणता. मग उतारावर सारखं 'आई गं, मला खाली घ्या, पाया पडतो तुमच्या', ते कुणाला म्हणत व्हता?"

मी हे म्हटलेलं मला आठवतही नव्हतं. पण कर्णे चारी दिशांना होते. मी सावरून घेतलं, "तेही ठरवूनच."

तेही माइकवरच बोललो. वरची वस्ती आणि खालची वस्ती, नवं गाव झाल्यापासून पहिल्यांदा एकदमच हसली. मामा आणि तात्या तर एकमेकांना धरून हसत होते. गावात एकी झाली ती माझ्यामुळंच, यात शंका नाही. फक्त मला रथावरून उतरवायला त्यांना शिडी आणायची आठवण झाली, ती बऱ्याच वेळानं.