सिरिलने वर बसवलेली एनिड

लिंकनला धुकं नदीवरून येतं आणि आधी खालचं गाव गिळतं. आम्ही वरच्या गावातली माणसं. माझं चहाचं दुकान स्टीप हिलवर, चढणीच्या शेवटच्या वळणाला आहे. अशा सकाळी दार उघडलं की खाली नुसतं पांढरं असतं, आणि वर कॅथेड्रलचे तीन मनोरे जमीन सोडून तरंगत असतात. दहाच्या सुमाराला त्या पांढऱ्यातून एक लोकरीची टोपी वर यायची, मग चष्मा, मग धापा टाकणारी एनिड लेगेट.

"ये गं बदका. जिवंत आहेस का?" मी विचारायची.

"मी आहे. गुडघे केव्हाच वारले."

आमच्याकडे ज्याला त्याला लाडाने 'बदका' म्हणतात. बसवाला म्हणतो, पाववाली म्हणते, दंतवैद्य दात उपटतानासुद्धा म्हणतो. जिभेला वळणच पडलंय.

एनिड कॅथेड्रलमध्ये पाहुण्यांना फिरवायची. पगार नाही, फक्त खांद्यावर एक निळा पट्टा. अठरा वर्षं हे चाललं होतं. पाहुण्यांना हवं असतं ते एकच, खांबावर उंच बसलेलं दगडी सैतानपोर. एनिड त्यांना खाली उभं करून बोट दाखवायची. वीस माना तिकडे वळल्या की ही पाठ फिरवायची आणि खिशातली छोटी दुर्बीण काढून भलतीकडेच बघत राहायची. रंगीत काचांचा उजेड तिच्या टोपीवर निळा-तांबडा सांडलेला असायचा. लोकांना वाटायचं, म्हातारी प्रार्थना करतेय. खरं तर ती स्वतःला शोधत होती.

तिचा नवरा सिरिल तिथलाच पाथरवट. झिजलेला दगड उतरवायचा आणि नवा घडवून चढवायचा, यात त्याचा जन्म गेला. चाळीस वर्षांपूर्वी एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. ही धूळ तुझी छाती खाईल, सोड हे काम आणि खालच्या कारखान्यात लाग, असं हिने त्याला तावातावाने सुनावलं. चार दिवस तो तोंडात मिठाची गुळणी धरून होता. पाचव्या दिवशी मनुकांच्या पावावर चीज ठेवता ठेवता म्हणाला, "तुला वर बसवलंय, बदका. बस आता बडबडत हजार वर्षं."

"कुठे?"

"शोध की."

दर वाढदिवसाला ती विचारायची आणि तो मिशीत हसायचा. कामावरून सुटेन त्या दिवशी सांगतो, म्हणाला होता. सुटायला दोन महिने उरले असताना छातीत कळ आली आणि तो गेला. पुढच्या वसंतात एनिडने निळा पट्टा घेतला.

राण्या, देवदूत, जोगिणी, एकही दगडी तोंड तिने सोडलं नाही. एकदा धावत आली. "मेव्हिस, मी सापडले! उत्तरेला तिसरी. नाक अगदी माझंच."

"तुझं नाक एवढं सरळ कधी होतं?" मी म्हटलं.

चौकशी केली तर ती बाई सातशे वर्षांची निघाली. एनिड दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

या वर्षी मात्र गोष्ट निकरावर आली. एक डोळा जवळजवळ गेला होता आणि चढण झेपत नव्हती. सप्टेंबर संपला की लेक तिला समुद्रकाठी आपल्या घरी नेणार होती. म्हणजे हातात दोन आठवडे. मला वाईट वाटायचं, पण सिरिलचा रागही यायचा. एवढी थट्टा करतं का कुणी बायकोची?

गुरुवारी आम्ही दोघी खिडकीशी बसलो होतो. तेवढ्यात पाथरवटांची मुकादम जिलियन आली, केसात दगडाची पूड घेऊन.

"दक्षिणेच्या परांचीवर आज काय सापडलं माहितेय?" ती पाव तोडत म्हणाली. "छताच्या पन्हळीखाली पानांची नक्षी आहे. ओकची पानं, पानं, पानं, आणि मध्येच एक बदक! खालून दिसतसुद्धा नाही. कोणत्या टवाळाने केलंय कोण जाणे."

मी हसले. एनिडने कप खाली ठेवला.

"चोच कशी आहे?"

"सताड उघडी. कुणाशी तरी भांडल्यासारखी."

एनिडने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मेव्हिस, मी अठरा वर्षं बाईचं तोंड शोधत होते गं."

दिवसातून शंभरदा 'बदका' हा शब्द माझ्या तोंडात, आणि त्यातला पक्षी मला एकदाही दिसला नव्हता.

परवानगी मिळायला दुसरा दिवस उजाडला. लोकरीच्या टोपीवर शिरस्त्राण चढवून एनिड परांचीच्या पाळण्यात उभी राहिली. मला उंचीची भीती वाटते, तरी गेले. पाळणा हळूहळू वर निघाला. खाली धुक्यात माझं दुकान गेलं, चढण गेली, सगळं गाव गेलं. वर फक्त दगड होता आणि ऊन होतं.

बदक तळहाताएवढं होतं. एनिडला ते नीट दिसेना, म्हणून तिने हातमोजा काढला आणि बोटांनी चाचपलं. पंख, मान, डोळे. उघड्या चोचीवर बोटं थांबली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. जिलियन मान वळवून मनोऱ्याकडे बघत राहिली. मी मात्र बघत होते आणि रडतही होते.

एनिडने दोनदा चोच मापून पाहिली.

"माझी एवढी मोठी नव्हती रे, मेल्या," ती म्हणाली.